सातव्या टेबलावरचे गृहस्थ

१

घरातून निघताना मी गॅसची कळ तीन वेळा बघतो. पहिल्यांदा ती बंद आहे का ते पाहायला, दुसऱ्यांदा पहिल्यांदा नीट पाहिलं होतं का ते पाहायला, आणि तिसऱ्यांदा, खरं सांगायचं तर, सवयीने. मी चाळीस वर्षं विद्यापीठात निरनिराळ्या समाजांच्या रूढींचा अभ्यास शिकवला. रूढी कशी तयार होते याचं एक उदाहरण माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात असावं, यात मला वावगं काही दिसत नाही.

माझ्या मुलीला दिसतं.

"तीनदा बघता, म्हणजे पहिलं दोनदा बघितलेलं आठवत नाही तुम्हाला."

"आठवतं. खात्री वाटत नाही."

"त्यालाच म्हणतात, बाबा."

कशाला म्हणतात ते तिने सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून तिच्या पर्समध्ये एक यादी आली. गोळ्या वेळेवर घेतल्या का, किल्ली दाराला बाहेरून लटकत होती का, एकच गोष्ट तिला दोनदा सांगितली का. माझं वय अठ्ठ्याहत्तर. बायकोला जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून मी तिसऱ्या मजल्यावरच्या या तीन खोल्यांत एकटा राहतो आणि मरेपर्यंत इथेच राहायची माझी इच्छा आहे. मुलीच्या मते महिनाअखेर मी तिच्याकडे राहायला जावं. तिच्या घरी माझ्यासाठी मागची खोली आहे. तिच्यात शिलाई मशीन आहे, इस्त्रीचं टेबल आहे आणि भिंतीपलीकडे जावई आहेत. जावई फार सज्जन माणूस. ते क्लॅरिनेट शिकतात. तीन वर्षांपासून एकच धून शिकतात, आणि ती अजून अर्ध्यावरच आहे.

शेवटी आमची तडजोड झाली. वाचनालयाने मला एक प्रदर्शन मांडायला सांगितलं होतं. ते मी काही घोळ न घालता पार पाडलं, तर माझं डोकं ठिकाणावर आहे असं ती मानणार होती.

"आणि घातला घोळ तर?"

"तर रविवारी गाडी घेऊन येते," मुलगी म्हणाली. "दोन मोठ्या बॅगा आणते, पुस्तकं नंतर नेऊ."

२

प्रदर्शनाचा विषय होता, पानगळीच्या दिवसांत देशोदेशीचे लोक मेलेल्यांना घरी कसे बोलावतात. ग्रंथपाल बाईंना खरं तर मुखवटे, भोपळे आणि मुलांना गोळ्या-चॉकलेटं एवढंच हवं होतं. मी त्यांना सांगितलं की भोपळा फार नंतर आला, आयर्लंडात आधी सलगमाचा कंद कोरून त्यात दिवा ठेवत.

"सलगम कोण ओळखणार, सर?"

"म्हणूनच प्रदर्शन."

मी सात टेबलं मांडली. सलगमाचे कंदील झाले, आणि बाईंच्या समाधानासाठी एक भोपळाही. मेक्सिकोसाठी झेंडूच्या पाकळ्यांची वाट. ग्वाटेमालात त्या दिवशी स्मशानात प्रचंड पतंग उडवतात, त्याचा लहानसा नमुना वाचनालयाच्या पहारेकऱ्याने हौसेने करून दिला. तो टेबलावर मावला नाही म्हणून छताला टांगला. चीनसाठी पाण्यावर सोडायचे कागदी दिवे. बेलारूससाठी पूर्वजांकरता मांडलेलं ताट.

प्रत्येक टेबलावर माहितीचं एक कार्ड होतं. मी लिहिलेली कार्डं बाईंनी परत पाठवली.

"साठ शब्द, सर."

"बाई, विषय मृत्यूचा आहे."

"साठच. लोक उभ्याने वाचतात."

यातल्या जवळजवळ प्रत्येक रूढीचे तीन भाग असतात. आधी मेलेल्यांना बोलावणं, मग त्यांना खाऊपिऊ घालणं, आणि शेवटी त्यांना निरोप देणं. बेलारूसमध्ये घरचा कर्ता शेवटी सरळ सांगतो की आलात, जेवलात, आता जा. चीनमधले कागदी दिवे म्हणजे त्यांना परतीची वाट दिसावी म्हणून. मी सगळीकडचा तिसरा भाग कापला. लेखाचा शेवटचा परिच्छेद नेहमी काढता येतो, हे मी पिढ्यान् पिढ्या विद्यार्थ्यांना शिकवलं होतं. कार्डं साठ शब्दांत बसली आणि मला स्वतःचं कौतुक वाटलं.

सातव्या टेबलाचं कार्ड मात्र कापावं लागलं नाही. ते माझं स्वतःचं संशोधन होतं. बेचाळीस वर्षांपूर्वी डोंगरातल्या एका गावात एका म्हाताऱ्या बाईंनी मला त्यांच्या स्वयंपाकघरात बसवून तिथली रीत सांगितली होती. टेबलाजवळ एक खुर्ची ठेवायची, जराशी दाराकडे वळवून. पेलाभर पाणी, पावाचा एक तुकडा. घरातल्या वडीलधाऱ्याने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचं, बसा, घाई नाही. पुढे त्यांना निरोप कसा देतात असं मी विचारलं आणि तेवढ्यात खाली बसचा भोंगा वाजला. दिवसाला एकच बस होती. वहीत मी लिहिलं, 'निरोप: पुढच्या भेटीत विचारणे.' पुढची भेट झाली नाही. शोधनिबंधात मात्र मी लिहून टाकलं की या गावात निरोपाची रूढी आढळत नाही. हे वाक्य आजवर एकतीस जणांनी आपल्या निबंधांत उतरवून घेतलं आहे.

शनिवारी दुपारी चार वाजता उद्घाटन झालं. सातव्या टेबलाची खुर्ची मी घरून आणली होती, जेवणाच्या टेबलाच्या चारांपैकी एक. शेवटी बाई म्हणाल्या, सर, एखादी रीत करून दाखवा ना. मुलगी पहिल्या रांगेत बसली होती, परीक्षकासारखी. मी खुर्चीवर हात ठेवला, आधी त्या गावच्या बोलीत आणि मग आपल्या भाषेत म्हणालो, "बसा. घाई नाही."

टाळ्या पडल्या. मुलगी येऊन म्हणाली, "छान झालं, बाबा. एकही शब्द चुकला नाही तुमचा."

तेच चुकलं असावं, असं आता वाटतं.

३

सोमवारी सकाळी वाचनालयात शिरलो, तर सफाईच्या मावशी झाडू टेकून दारातच उभ्या होत्या.

"मास्तर, तुमच्या त्या माणसाला जरा पाय उचलायला सांगा."

"कोणत्या माणसाला?"

"खुर्चीवरच्या. तीनदा झाडू घेऊन गेले, हलायचं नाव नाही. वयस्कर माणूस, तोंडावर काय सांगायचं? तुम्ही सांगा."

मी आत गेलो. सात टेबलं, छताला पतंग. खुर्ची रिकामी होती. कुणी वाचक येऊन बसला असेल आणि उठून गेला असेल. मग लक्षात आलं की वाचनालय अजून उघडायचंच होतं. मग हेही लक्षात आलं की मीही आत आलो होतोच की, म्हणजे आणखी कुणी येऊ शकतं. मला जरा बरं वाटलं.

मावशींनी खुर्चीखालचा चौकोन तेवढा सोडून बाकी सगळं झाडलं होतं. मी चष्मा पुसून वाकलो. चौकोनात दोन दिवसांची धूळ होती. फक्त खुर्चीच्या पुढच्या पायांशी, दोन पावलांएवढ्या जागेत, धूळ नव्हती.

पेल्यातलं पाणी कमी झालं होतं. पाण्याची वाफ होते, हे शाळेतलं पोरही सांगेल. पण मी शंकेखोर माणूस. खिशातली पट्टी काढून पेल्याला लावली. पाणी सात सेंटिमीटर होतं. वहीत नोंद केली आणि दुपारच्या चहानंतर पुन्हा मोजलं. सहा. शेजारच्या टेबलावर बेलारूसच्या पूर्वजांसाठी असाच पेला होता, त्यातलं पाणी हललं नव्हतं. एका पेल्यातल्या पाण्याची वाफ होते आणि दुसऱ्यातल्या नाही, याला कारण हवा असू शकते. टेबलाचा उतार असू शकतो. मोजणारा असू शकतो. शेवटची शक्यता मी वहीत लिहिली नाही, कारण ती वही मुलगी अधूनमधून चाळते.

जाताना खुर्चीच्या बैठकीवर तळहात ठेवून पाहिला. उबदार होती. पण तळहातही माझाच होता आणि मला त्या दिवशी जरा कणकण होती.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. "आज काही विशेष?"

"काही नाही," मी म्हणालो. "लोक येताहेत."

४

लोक खरंच येत होते. बाई खूष होत्या. बुधवारी त्यांनी अभिप्रायांची वही माझ्यापुढे ठेवली.

"वाचा सर, तुमचं कौतुक आहे."

पहिल्या पानावर कुणा आजीबाईंनी लिहिलं होतं की सलगम बघून बालपण आठवलं. नंतर एका शिक्षिकेचा अभिप्राय होता. पतंग आवडला. सातव्या टेबलाजवळ जिवंत माणूस बसवण्याची कल्पना उत्तम, मुलं अगदी चिडीचूप झाली. त्याखाली एका मुलाचं अक्षर होतं: 'खुर्चीवरचे आजोबा डोळे मिटत नाहीत.' आणि त्याखाली, बहुधा त्याच्या वडिलांचं: 'मदतनीस गृहस्थांना जरा हसायला सांगावे.'

"कोण हो हे?" बाईंनी विचारलं. "मी दोनदा गेले तर खुर्ची रिकामी. जेवायला जातात का मध्ये?"

या क्षणी मी खरं सांगू शकत होतो. पण खरं म्हणजे काय? मी कुणाला बसवलेलं नाही, असं सांगितलं असतं तर बाईंनी सहज मुलीला फोन केला असता. त्या दोघी दर गुरुवारी एकत्र फिरायला जातात.

"माझ्या ओळखीचे आहेत," मी म्हणालो. "येऊन जाऊन असतात."

"तरीच. चहा देत जाऊ का त्यांना?"

"नको, नको. पाणी पुरतं."

बोलून गेलो आणि मग लक्षात आलं. मी त्यांची बाजू घेऊन बोललो होतो. मी त्यांना 'ते' म्हणत होतो.

त्या दुपारी मी सातही कार्डं पुन्हा वाचली. सातही ठिकाणी लोक मेलेल्यांना बोलावत होते, वाट दाखवत होते, पुढ्यात अन्न ठेवत होते. जा असं एकाही कार्डावर नव्हतं.

५

एका समाजाचा निरोप दुसऱ्या समाजाच्या पाहुण्याला लागू पडत नाही, हे मी चाळीस वर्षं वर्गात सांगितलं. प्रत्येक रूढी तिच्या जागी, तिच्या लोकांत अर्थ धरते. तिला उचलून दुसरीकडे चिकटवणारा विद्यार्थी माझ्याकडे नापास व्हायचा. शुक्रवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत, सभागृह रिकामं असताना, मी तेच करायला निघालो होतो. दुसरा इलाज नव्हता. त्या गावचा निरोप मी विचारलाच नव्हता.

सुरुवात सभ्यपणे केली. खुर्चीसमोर उभा राहून बेलारूसच्या रीतीने म्हणालो, "आलात, जेवलात, आता आपण निघावं."

काही झालं नाही. पाव तसाच होता. मग वाटलं, 'जेवलात' म्हणणं चुकीचं झालं, ते जेवलेलेच नाहीत. उपाशी पाहुण्याला जा म्हणणं बरं दिसत नाही. मी माफी मागितली.

मग मावशींकडून बादली आणली.

"पुसायचंय का काही?" त्या म्हणाल्या.

"नाही, दिवा सोडायचाय."

मावशींनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि बादली दिली. मी तिच्यात पाणी भरलं, चीनच्या टेबलावरचा कागदी दिवा उचलून पाण्यावर ठेवला आणि बादली खुर्चीपासून दारापर्यंत हळूहळू सरकवत नेली, म्हणजे वाट दिसावी. सरकवताना "इकडून, इकडून, सांभाळून, उंबरा आहे," असं म्हणत होतो. बादली दारापर्यंत पोचली. मागे वळून पाहिलं तर खुर्ची मघासारखी जराशीच दाराकडे वळलेली नव्हती. ती बरीच फिरली होती. आता ती माझ्याकडे वळली होती.

मी खुर्चीकडे बघत राहिलो. बैठकीची वेताची वीण मधोमध खोल गेली होती, आणि मी पाहत असताना ती जराशी वर आली आणि पुन्हा खोल गेली. बसल्या जागी कुणी सावरून बसावं, तशी.

"हे बघा," मी म्हणालो. "चूक माझी आहे. मला बस पकडायची होती. तुमच्याकडे निरोप कसा देतात ते तुम्हीच सांगा, मी तसा देतो. मी रीतीला धरून चालणारा माणूस आहे."

"सर," ग्रंथपाल बाई मागून म्हणाल्या.

त्या दारात उभ्या होत्या. त्यांच्या पायाशी बादली, बादलीत दिवा.

"कुणाशी बोलताय?"

मी बादलीकडे पाहिलं, कारण खुर्चीकडे पाहायचं नव्हतं. तेच नडलं. संध्याकाळी मुलीचा फोन आला. तिचा आवाज फार मऊ होता, आणि तो तसा असला की मला धडकी भरते.

"बाबा, तुम्ही बादलीशी बोलत होता म्हणे."

"तसं नव्हतं ते."

"रविवारी येते मी. तुम्ही काही आवरू नका. मीच आवरते."

६

शनिवारी प्रदर्शन उठलं. टेबलं मिटली, झेंडू सुकला होता, तो पहारेकऱ्याने बागेत टाकला. मी खुर्ची वाचनालयाला भेट द्यायला निघालो होतो. बाईंनी यादी दाखवली.

"सरांची खुर्ची एक, सरांना परत. यादीत आहे ना. उगाच घोळ नको."

त्या माझ्याशी आता लहान मुलाशी बोलावं तसं बोलत होत्या. मी वाद घातला नाही. वाद घातला असता तर तोही मुलीच्या कानावर गेला असता.

पहारेकरी अंगापिंडाने धडधाकट आहे. एका हातात टेबल घेऊन चालतो. माझ्या जिन्याच्या दुसऱ्या मजल्यावर त्याने खुर्ची खाली ठेवली आणि घाम पुसला.

"मास्तर, लाकूड कसलं हो हे?"

"सागवान असेल."

"सागवान एवढं नसतं जड." त्याने खुर्चीला दोन्ही हात घातले, आणि उचलण्याआधी, नकळत, म्हणाला, "धरून बसा."

मग आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

"सवय आहे," तो म्हणाला. "आईला जिन्यावरून असंच न्यायचो."

मी मान डोलावली. खुर्ची वर गेली. त्याने चहा घेतला नाही.

मी ती टेबलाशी तिच्या जुन्या जागी लावली, पण तोंड भिंतीकडे केलं. दार लागलेलं होतं, दिवे सगळे लावले होते, संध्याकाळचे जेमतेम सहा वाजले होते, खाली मुलं खेळत होती. भ्यायला काही कारण नव्हतं. मी चहा ठेवायला गेलो. पाणी उकळायची वाट बघत स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. तिथून समोर माझं पुस्तकांचं कपाट दिसतं, त्याच्या काचेत जेवणाचं टेबल उमटतं. तीन खुर्च्या रिकाम्या होत्या. चौथीवर गुडघे होते.

दोन गुडघे, आणि त्यांवर ठेवलेले दोन हात. दवाखान्यात नंबर यायची वाट बघणाऱ्यांचे असतात तसे, शिस्तीत ठेवलेले. बोटं लांब होती. कपड्याचा रंग काचेत कळत नव्हता. भिंतीकडे फिरवलेली खुर्ची पुन्हा इकडे वळली होती, हे मला नंतर सुचलं.

कमरेच्या वरचं काही दिसलं नाही, कारण कपाटाचं वरचं काचेचं दार सकाळी मी उघडं ठेवलं होतं. ते लावलं असतं तर वरचंही दिसलं असतं. चार पावलांचं अंतर होतं. संशोधक म्हणून मी ते लावायला हवं होतं.

मी लावलं नाही. चहा स्वयंपाकघरात उभ्यानेच प्यायलो आणि झोपायच्या खोलीत जाऊन आतून कडी घातली. रात्रभर बाहेर कसलाही आवाज झाला नाही. पाहुणा फार चांगल्या वळणाचा होता.

७

रविवारी सकाळी बाहेरच्या खोलीतून मान खाली घालून, भिंतीला धरून गेलो आणि दूध आणायला उतरलो. परत येतो तर दाराशी मुलीच्या चपला, आणि चपलांशेजारी दोन मोठ्या रिकाम्या बॅगा. सगळ्यांत आधी वाटलं की ही आत एकटी आहे. मग आठवलं की तिच्याकडे माझ्या घराची किल्लीच नाही.

ती स्वयंपाकघरात चहा करत होती. ओट्यावर तीन कप होते.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"काय?"

"कुणीतरी राहायला आलंय ते. मी बेल वाजवली तर त्यांनी दार उघडलं. मी घाबरलेच आधी. खिडकीचा उजेड मागून, चेहरा काही दिसेना. पण किती अदबीने बाजूला झाले. हाताने आत या केलं. त्यांना ऐकायला कमी येतं का?"

"बोलले का काही?"

"नाही ना, म्हणून तर विचारतेय. पण समजतं सगळं. मी म्हटलं, बाबांच्या गोळ्या कुठे असतात, तर बोटाने डबा दाखवला. आजचा खण रिकामा आहे. घेतलीत ना गोळी?"

मी गोळी घेतली नव्हती.

"घेतली," मी म्हणालो.

"आणि मग इथे येऊन गॅसची कळ बघून गेले. मला इतकं बरं वाटलं." तिने चहा गाळला. "ते प्रदर्शनातले गृहस्थ ना हे? खुर्चीवर बसायचे ते? मग तुम्ही परवा यांच्याशी बोलत होता. बाई दारात होत्या, त्यांना तिथून खुर्ची दिसली नसेल. आणि मी तुम्हाला नको नको ते बोलले."

"तू काही बोलली नाहीस."

"मनात बोलले." ती वळली. तिचे डोळे भरले होते. "मला हौस आहे का बाबा, तुम्हाला असं उचलून न्यायची? रात्री फोन वाजला की नाव न बघताच मी 'बाबा?' म्हणते. तुम्ही एकटे पडलात, दार आतून बंद, कुणाला कळणार नाही, रोज हेच. मला फक्त घरात कुणीतरी हवं होतं. मग खुशाल राहा इथे. जन्मभर राहा."

बाहेरच्या खोलीत खुर्ची बारीक करकरली.

मी खरं सांगू शकत होतो. सांगून काय झालं असतं? इथे कुणी नाही म्हटलं, तर ती मला बाहेर नेऊन दाखवणार. तिला दिसलं आणि मला नाही दिसलं, तर बॅगा भरल्या. मला दिसलं, तर त्याचं काय करायचं ते मला माहीत नव्हतं. शिवाय पुराव्याचा प्रश्न होता. मावशी, शाळकरी मुलं, पहारेकऱ्याचे खांदे आणि आता माझी मुलगी. एवढे साक्षीदार एखाद्या विद्यार्थ्याने आणले असते तर मी म्हटलं असतं, आता हट्ट पुरे, मान्य करा.

"कोण आहेत पण? आपल्या नात्यातले?" तिने विचारलं.

बाहेरची करकर थांबली.

"आपलेच आहेत," मी म्हणालो.

"चला, बरं झालं." तिने पदराने डोळे पुसले, तिसरा कप ट्रेमध्ये ठेवला आणि माझ्या आधी बाहेर गेली. मी आतच उभा राहिलो. तिचा आवाज ऐकू येत होता, मोठा आणि सावकाश, बहिऱ्या माणसाशी बोलतात तसा. "काका, चहा ठेवलाय. बाबांकडे लक्ष असू द्या हं. हट्टी आहेत जरा. रात्री उठले की विचारत जा, कशाला उठलात. आता तुमच्यावर सोडलंय मी. नाही, नाही, उठू नका. राहू दे. बरं, या जिन्यापर्यंत."

ती गेली तेव्हा बॅगा एकीत एक घालून काखेत मारल्या होत्या. मी तिच्यामागे जिन्याच्या कठड्यापर्यंत गेलो. जाताना बाहेरच्या खोलीतून नजर जमिनीवर ठेवून गेलो आणि कठड्याला धरून उभा राहिलो. खाली तिने बॅगा गाडीत टाकल्या. बऱ्याच महिन्यांनी ती अशी हलकी चालताना दिसली.

गाडीत बसण्याआधी तिने वर पाहिलं आणि हात हलवला. मीही हलवला. मग तिने नजर जरा वर केली, माझ्या डाव्या खांद्याच्या मागे, आणि हसून पुन्हा एकदा हलवला.